मधली राणी आणि आधी बोलण्याची किंमत

शिवाजी पेठ असो की मंगळवार पेठ, कोल्हापुरात पत्त्यांचा डाव हरलेला माणूस एकच कारण सांगतो: "आज पानंच पडंनात." बसलेल्या जागेला कुणी दोष देत नाही. आपण समोरच्याच्या आधी बोलतो की नंतर, यावर डावाचं गणित किती फिरतं हे पोकरमध्ये फार स्पष्ट मोजता येतं. आणि मोजल्यावर दिसतं की जागेचा मार सगळ्या पानांना सारखा बसत नाही. तो बसतो मधल्या पानांना, जी धड भारीही नसतात आणि टाकवतही नाहीत.

मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला उभं राहिलेल्यांना यामागचं कारण कळायला वेळ लागणार नाही. आधी भाव बोलणारा आपल्या मनातला अंदाज समोरच्याला फुकट देऊन टाकतो.

हे नेमकं तपासायचं असेल तर अमेरिकी गणितज्ञ हॅरॉल्ड कून यांनी 1950 मध्ये मांडलेला छोटा पोकर घ्या. पैशांची गरज नाही, शेंगा पुरतात. पानं तीनच: राजा, राणी, गुलाम. दोघांनी एकेक शेंग बूट म्हणून मध्ये टाकायची आणि एकेक पान उचलायचं. पहिल्याने आणखी एक शेंग लावायची किंवा काहीच न लावता 'चेक' म्हणायचं. लावली, तर दुसऱ्याने तेवढीच टाकून पानं उघडायची किंवा पॅक व्हायचं, म्हणजे डाव सोडून द्यायचा. पहिल्याने चेक केलं, तर लावायची मुभा दुसऱ्याला मिळते. त्याने लावली तर पहिल्याने तेवढीच टाकायची किंवा पॅक व्हायचं, नाही लावली तर पानं उघडायची.

दोघेही एकही चूक न करता खेळले, तरी पहिला दर डावाला सरासरी 1/18 शेंग हरतो. पानं दोघांना सारख्याच शक्यतेने येतात, म्हणजे हा तोटा निव्वळ जागेचा आहे.

मला यातला पुढचा भाग सर्वांत सुंदर वाटतो. पहिल्याच्या बिनचूक डावपेचांपैकी सर्वांत साधा म्हणजे सुरुवातीला दरवेळी चेक करणं. तसं खेळून प्रत्येक पानाचा हिशेब वेगळा काढा. राजा आला तर आधी बसा की नंतर, सरासरी 7/6 शेंगा मिळतात. गुलाम आला तर दोन्ही जागी सरासरी एक शेंग जाते. राणीचं मात्र वेगळंच आहे. नंतर बोलणाऱ्याच्या हातात तिची कमाई शून्य, आणि आधी बोलणाऱ्याच्या हातात ती 1/3 शेंग हरते. जागेचा सगळा तोटा या एका मधल्या पानात साठलेला आहे.

कारण राजाला समोर काय आहे हे कळायची गरज नाही, तो जिंकणारच. गुलाम हरणारच, त्याने फार तर हूल द्यावी. राणीची किंमत मात्र पूर्णपणे समोरच्या पानावर ठरते. नंतर बोलणारी राणी समोरचा चेक ऐकते, स्वतःही चेक करते आणि फुकटात पानं उघडून मोकळी होते. आधी बोलणारीने चेक केल्यावर समोरून शेंग येते. ती राजाची की हूल देणाऱ्या गुलामाची? बिनचूक उत्तर असं की तीनपैकी एकदा शेंग टाकायची आणि दोनदा सोडून द्यायचं. हे पाळूनही ती हरतेच.

शंभर डावांत हा फरक जेमतेम साडेपाच शेंगांचा पडतो, तर नशिबाची वरखाली साधारण बारा शेंगांची असते. जागेचा परिणाम डोळ्यांना नीट दिसायला दोन-एक हजार डाव लागतील. एवढा हिशेब कुणी ठेवत नाही, म्हणून दोष पानांना जातो.

खऱ्या टेक्सास होल्डेम पोकरमध्ये हीच अडचण थरावर थर चढवत जाते. हातात दोन पानं, मग मध्ये आधी तीन, नंतर एक, नंतर आणखी एक. ही उघडी पानं येऊ लागली की दर वेळी लावण्याची फेरी होते आणि आधी बोलणारा तिन्ही फेऱ्यांत आधीच बोलतो. समजा तुमच्याकडे राणी-दश्शी आहे आणि मध्ये राजा, दश्शी, तिर्री पडली. दश्श्यांची जोडी झाली, पण वर राजा बसलाय. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, 100 चा, तुम्ही चेक केलं, समोरच्याने 100 लावले. 100 टाकून 200 जिंकायचे, म्हणजे तीनपैकी एकदा जिंकलात तरी परवडतं. पण हा हिशेब इथेच पानं उघडणार असतील तरच खरा. पुढच्या फेरीत पॉट 300 चा आणि मागणी 300 ची, शेवटी पॉट 900 चा आणि मागणी 900 ची. 100 ला 'हो' म्हणताना समोर एकूण 1300 चा प्रश्न उभा असतो. पान सुधारेल म्हणावं, तर उपयोगाची पानं पाचच: दोन दश्श्या आणि तीन राण्या. उरलेल्या दोन पानांत त्यातलं एखादं येण्याची शक्यता साधारण 20 टक्के. बहुतेक वेळा तुम्ही त्याच जोडीवर अडकून राहता आणि दर फेरीला राणीचा तोच जुना प्रश्न नव्याने सोडवता, प्रत्येक वेळी तिप्पट किमतीला.

म्हणून शेवटपर्यंत पानं उघडली तर शंभरातले 40 डाव जिंकतील अशी पानं आधी बोलणाऱ्याला 40 टक्के मिळवून देत नाहीत. जिंकले असते असे कित्येक डाव तो वाटेत सोडतो. नंतर बोलणारा मात्र हवं तेव्हा चेक करून पुढचं पान फुकट बघतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये दोघांचा, ठरावीक रकमेच्या बोलीचा होल्डेम संगणकाने जवळपास पूर्ण सोडवला. त्यातही डीलरच्या जागी बसलेला, म्हणजे पानं उघडल्यावर शेवटी बोलणारा, हजार डावांमागे 88 ते 90 मोठे ब्लाइंड जिंकतो असं निघालं. मोठा ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी सक्तीने टाकायच्या दोन रकमांपैकी मोठी.

आधी बोलायच्या जागी मधली पानं कमी खेळावीत आणि पहिली रक्कम टाकतानाच तिन्ही फेऱ्यांचा विचार करावा, हे ओघानेच येतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट कूनच्या तीन पानांतच आहे: भारी पानंसुद्धा कधीकधी चेक करायला हवीत. पहिल्याने राजा आल्यावर दरवेळी शेंग लावली, तर त्याच्या प्रत्येक चेकचा अर्थ 'माझ्याकडे राजा नाही' असा होतो. मग समोरचा गुलामवाला बिनधास्त शेंग लावून राणीला हुसकावू लागतो, आणि त्याला रोखायला राणीला तीनपैकी एकदा नव्हे, दोनदा शेंग टाकावी लागते.