रक्तातल्या चरबीचा माग यकृतापर्यंत

१९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातलं. सशांच्या महाधमनीत तसेच पिवळे थर जमले, जसे हृदयरोगी माणसाच्या धमन्यांत दिसतात. तीनच वर्षं आधी जर्मनीत आडोल्फ विंडाउस यांना माणसाच्या रोगट महाधमनीत निरोगीपेक्षा वीस पटींहून जास्त कोलेस्टेरॉल आढळलं होतं. दोन्ही गोष्टी जोडल्या की उत्तर सोपं वाटतं: खाल्लेलं कोलेस्टेरॉल धमनीत साचतं.

पण हाच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर साधेना. ससा पाला खाणारा, त्याच्या खाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, त्यामुळे जादा आलेलं निपटण्याची त्याची ताकद तोकडी. उंदराचं यकृत मात्र जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल (चरबी पचवायला लागणारं पित्तातलं आम्ल) करून ते आतड्यावाटे बाहेर काढतं. माणूस या दोघांच्या मध्ये कुठेतरी येतो. आपल्या शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, आणि खाण्यातून जास्त आलं तर बरेच जण आतलं उत्पादन कमी करतात. तरीही १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि अंड्याचा बलक कित्येक दशकं बदनाम राहिला. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शनातून हा आकडा २०१५ मध्ये निघाला.

खरा दोषी त्याआधीच सापडला होता. १९५० च्या दशकात ॲन्सेल कीज यांनी माणसांना मोजून-मापून जेवण देऊन पाहिलं. संपृक्त मेद (लोणी-तुपात असतो तो) रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतो आणि बहुअसंपृक्त मेद (सूर्यफूल, सोयाबीनच्या तेलातला) ते कमी करतो, पण वाढीचा जोर घटीच्या साधारण दुप्पट. म्हणजे लोणी-तूप तेवढंच ठेवून वरून चमचाभर ‘चांगलं’ तेल घेतलं तर फारसं काही हाती लागत नाही. अदलाबदलच करावी लागते. असं का, हे समजण्याचा पाया १९७० च्या दशकात ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी संशोधकांनी घातला आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. यकृताच्या पेशींवर एलडीएल (धमन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. संपृक्त मेद जास्त झाला की या ग्राहकांचं काम मंदावतं आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. २००० कॅलरींच्या आहारात संपृक्त मेद १० टक्के म्हणजे सुमारे २२ ग्रॅम. एलडीएल वाढलेलं असेल तर १३ ग्रॅमच्या आसपास आणावा.

त्याच्या जागी काय घेतलं यात मात्र दोनदा मोठी चूक झाली. एकदा लोण्याऐवजी घट्ट केलेली वनस्पती तेलं आली. १९९० मध्ये मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं की त्यांतला ट्रान्स मेद एलडीएल वाढवतोच, शिवाय एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, घटवतो. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली. दुसऱ्यांदा ‘चरबीमुक्त’ म्हणून साखर आणि मैदा आला. ही चूक टाळता येण्यासारखी होती, कारण जास्त कर्बोदकांनी ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी मुख्य चरबी) चढतं हे १९६१ मध्येच एडवर्ड आरेन्स यांच्या गटाने मांडलं होतं. जादा साखरेपासून आणि मद्यापासून यकृत चरबी बनवून रक्तात सोडतं. म्हणून ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसाचं नुसतं तेल कमी करून भागत नाही. गोड पेयं, मैदा आणि मद्य आधी सुटायला हवं. वजन ५ ते १० टक्के उतरलं तर ट्रायग्लिसराइड सुमारे २० टक्क्यांनी घटू शकतं. व्यायामाचा मोठा फायदाही इथेच: स्नायूंतलं चरबी फोडणारं विकर (एन्झाइम) जागं होतं, पण त्याचा असर दीड-दोन दिवसच टिकतो. आठवड्याची १५० मिनिटं रविवारी एकदम उरकू नयेत, ती याचसाठी. चालण्याने एलडीएल मात्र फारसं हलत नाही, आणि हे आधी न सांगितल्यामुळे कित्येक जण निराश होऊन चालणंच सोडतात.

एलडीएलसाठी विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारे, तंतू कामाचे. ओट्सने कोलेस्टेरॉल उतरतं हे नेदरलंड्समध्ये १९६३ मध्ये दिसलं. ओट्स आणि जवातलं बीटा-ग्लुकन आतड्यात पित्ताम्लं अडकवतं. नवी बनवायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढतं. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स, घेतल्यास एलडीएल ५ ते ७ टक्के उतरतं. इसबगोलही त्याच वाटेने काम करतं, पण ५ ग्रॅमला पूर्ण पेलाभर पाणी हवंच, नाहीतर ते घशात किंवा आतड्यात अडकतं. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा घेतली की पोट फुगतं. दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावी.

सुट्या उपायांचे हे छोटे आकडे एकत्र केले तर? डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ मध्ये कॅनडात तेच केलं: चिकट तंतू, सोया प्रथिनं, बदाम आणि वनस्पती स्टेरॉल एकाच आहारात. महिन्याभरात एलडीएल सुमारे २८ टक्के उतरलं, लोव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या जवळपास. मात्र तेव्हा जेवण संशोधक पुरवत होते. पुढे लोकांना फक्त सल्ला देऊन पाहिला, तेव्हा सहा महिन्यांत घट १३-१४ टक्क्यांवर आली. घरी करणाऱ्याने हाच दुसरा आकडा धरून चालावं.

एलडीएल दर डेसिलिटरला १९० मिलिग्रॅमच्या वर असेल तर आनुवंशिक कारण शोधावं लागतं. तिथे ग्राहकच कमी किंवा सदोष असतात आणि आहार एकटा पुरत नाही. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नुसते घरगुती प्रयोग करू नयेत. बाकीच्यांनी बदल सुरू केल्यावर ६ ते १२ आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, उपाशीपोटी पुन्हा तपासावं. अहवालातलं एलडीएल बहुधा मोजलेलं नसतं. १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे गणित चुकतं. मग एलडीएल थेट मोजायला सांगावं.