कोणत्या कोअरवर कोण?

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत 2005-06 च्या सुमारास ब्लूजीन/एल हा महासंगणक होता. त्यात 65,536 नोड, म्हणजे तेवढे छोटे छोटे संगणक, 64 × 32 × 32 अशा त्रिमितीय जाळ्यात गुंफलेले होते. प्रत्येक नोडला सहा शेजारी. धातूंमधल्या इलेक्ट्रॉनांचं गणित करणारी क्यूबॉक्स नावाची आज्ञावली त्यावर चालवली गेली. कामाचे तुकडे नेहमीच्या क्रमाने नोडांवर टाकले तेव्हा वेग मिळाला सेकंदाला 39.5 लाख कोटी आकडेमोडींचा. मग कोणता तुकडा कोणत्या नोडवर जाईल एवढंच बदललं. नोड तेच, गणित तेच, आणि वेग गेला 64.7 लाख कोटींवर!

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ते दोनदा तपासून पाहिले. जागांची अदलाबदल करून यंत्र दीडपटीहून जास्त वेगवान कसं होतं? याचं उत्तर शोधायला महासंगणकाच्या आधी एका चिपच्या आत शिरावं लागतं.

3 गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचा एक ठोका सेकंदाच्या तीनशे कोटीव्या भागाइतका असतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम 10 सेंटीमीटर जातो, आणि तारेतला विद्युत संकेत त्याहून कमी. म्हणून लागणारी माहिती किती लांब ठेवली आहे याला इथे फार किंमत आहे. कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे गणित करणारा भाग, आणि कॅशे म्हणजे माहिती हाताशी ठेवायची छोटी, वेगवान मेमरी. कोअरच्या अगदी लगत असते पहिली कॅशे, तिथून माहिती यायला चार-पाच ठोके लागतात. दुसऱ्या कॅशेला चौदाच्या आसपास, तिसऱ्या कॅशेला चाळीस ते सत्तर, आणि मुख्य मेमरीपर्यंत जायचं तर अडीचशे-तीनशे.

ठोक्याला सेकंद धरून हे स्वयंपाकघरात आणू. ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी चार-पाच सेकंदांत हाताला लागते. फडताळातली बरणी काढायला पाव मिनिट. मागच्या कोठीच्या खोलीत जाऊन यायला मिनिटभर. आणि वाण्याकडे जावं लागलं तर पाच मिनिटं, तोवर कढईतलं तेल तापून धूर यायला लागलेला. प्रोसेसरचा निम्मा जन्म वाण्याच्या दुकानात उभं राहण्यात जातो असं म्हटलं तर ते फार चूक ठरणार नाही.

यातली मिसळणाची डबी आणि फडताळ प्रत्येक कोअरचं स्वतःचं असतं. कोठीची खोली मात्र काही कोअरांमध्ये सामाईक असते, आणि ती कोणाकोणात सामाईक आहे हे प्रत्येक चिपमध्ये वेगळं. एएमडीच्या 2019 च्या एपिक प्रोसेसरचं उदाहरण घ्या. सर्वांत मोठ्या चिपमध्ये 64 कोअर, पण तिसरी कॅशे 16-16 मेगाबाइटच्या सोळा स्वतंत्र तुकड्यांत विभागलेली, आणि एकेका तुकड्यावर चारच कोअरांचा हक्क. मोजणी शून्यापासून धरली तर कोअर क्रमांक 3 आणि 4 आकड्यांनी सख्खे शेजारी, पण राहायला वेगवेगळ्या घरांत. 2021 च्या पुढच्या पिढीत आठ कोअरांना मिळून 32 मेगाबाइटचा एक तुकडा मिळाला आणि शेजारच बदलला. आदल्या यंत्रासाठी नीट बसवलेली मांडणी नव्या यंत्रावर तशीच्या तशी चालेल याची म्हणूनच खात्री नसते.

सर्व्हरमध्ये बहुधा असे दोन प्रोसेसर दोन सॉकेटांत, म्हणजे खोबण्यांत, बसलेले असतात. प्रत्येकाचा वाणी वेगळा, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या वेगळ्या. एका सॉकेटवरचा कोअर दुसऱ्याच्या मेमरीतलं वाचू शकतो, पण मधला पूल ओलांडून, आणि त्याला सहज दीडपट-दुप्पट वेळ लागतो. या रचनेला न्यूमा म्हणतात. लिनक्स (ही एक ऑपरेटिंग सिस्टिम) कोअरच्या स्वतःच्या सॉकेटच्या मेमरीचं अंतर 10 धरून बाकीची अंतरं त्या तुलनेत दाखवतो. दुसऱ्या सॉकेटपुढे बरेचदा 20-21 असा आकडा दिसतो.

मला यातली सर्वांत कमी सांगितली जाणारी आणि सर्वांत जास्त नडणारी गोष्ट वाटते ती ‘प्रथम स्पर्शा’ची. आज्ञावलीने मेमरी मागितली की लिनक्स लगेच जागा देत नाही, नुसता शब्द देतो. खरी जागा ठरते त्या पानावर, म्हणजे मेमरीच्या छोट्या तुकड्यावर, पहिल्यांदा कोणीतरी लिहितं तेव्हा, आणि ती लिहिणाऱ्या कोअरच्या सॉकेटजवळ पडते. आता एखादी आज्ञावली अशी लिहिलेली असते की सुरुवातीला एकच धागा, म्हणजे आज्ञावलीतला कामाचा एक प्रवाह, सगळ्या सारणीत शून्यं भरतो आणि मग पुढचं काम 48 धागे वाटून घेतात. वरकरणी यात काही खोट नाही. पण शून्यं भरतानाच सगळा माल पहिल्या सॉकेटच्या वाण्याकडे जाऊन पडला. दुसऱ्या सॉकेटवरचे 24 कोअर जन्मभर पूल ओलांडत राहतात, त्यांचा स्वतःचा वाणी माशा मारत बसतो आणि पहिल्याच्या दारात 48 जणांची रांग लागते. उपाय दोन ओळींचा आहे: पुढे ज्या धाग्याला जो भाग वापरायचा आहे, त्यानेच तो भाग पहिल्यांदा भरावा. हे न सुचल्यामुळे आठवडेच्या आठवडे हळू चाललेली संशोधनं असतील याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात कोणाच्या बुद्धीची कमतरता नव्हती, नकाशा समोर नव्हता इतकंच.

शिवाय प्रोसेस, म्हणजे चालू असलेली आज्ञावली, एका जागी बसतेच असं नाही. भार समान ठेवायला ऑपरेटिंग सिस्टिम तिला या कोअरवरून त्या कोअरवर हलवते. घरच्या संगणकासाठी हे उत्तम. मोठ्या गणितात मात्र दर हलवाहलवीत भरलेली फडताळं मागे राहतात, म्हणून तिथे प्रोसेस एकेका कोअरला बांधून टाकतात. बांधायची कुठे, हा पुढचा प्रश्न.

हवामानाचं गणित घेऊ, कारण ते पुण्यातच चालतं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2024 मध्ये 11.77 पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ महासंगणक सुरू झाला (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी आकडेमोडी). डब्ल्यूआरएफसारख्या प्रारूपात नकाशाचे चौकोनी तुकडे करून एकेक तुकडा एकेका प्रोसेसकडे देतात. कोकणच्या तुकड्यातली ओली हवा पुढच्या क्षणी घाटमाथ्याच्या तुकड्यात शिरते, म्हणून गणिताच्या प्रत्येक पावलाला शेजारी तुकड्यांना आपल्या कडांवरचे आकडे एकमेकांना द्यावे लागतात. आता समजा एका नोडवर 64 प्रोसेस मावतात आणि मोठ्या नकाशातले 64 तुकडे एका लांब ओळीने तिथे टाकले. ओळीच्या वर 64, खाली 64 आणि टोकांना दोन, अशा 130 कडांवरचे आकडे तारेवरून दुसऱ्या नोडकडे जातील. तेच तुकडे 8 × 8 च्या चौकोनात घेतले तर बाहेर जाणाऱ्या कडा फक्त 32. उरलेला संवाद घरातल्या घरात होतो. हाच हिशेब नोडच्या आत सॉकेटला लागू पडतो आणि सॉकेटच्या आत कॅशेला.

पण सगळ्यांना जवळ बसवणं नेहमीच बरोबर नसतं. ज्या गणिताला बोलायचं थोडं आणि मेमरीतून ओढायचं पुष्कळ, अशा आठ प्रोसेस एकाच सॉकेटवर कोंबल्या तर एकाच वाण्याकडे रेटारेटी होते. चार इकडे, चार तिकडे बसवल्या तर दोन्ही दुकानं चालतात. काम धाग्यांत वाटून देणाऱ्या ओपनएमपी या प्रणालीत 2013 पासून ‘क्लोज’ आणि ‘स्प्रेड’ असे दोन्ही पर्याय आहेत, ते याचसाठी.

नकाशा पाहायचं चांगलं साधन फ्रान्समध्ये, बोर्दोच्या इन्रिया संस्थेत तयार झालं. त्याचं नाव एचडब्ल्यूलॉक. त्यातली एलएसटोपो ही आज्ञा दिली की यंत्राची आतली घरं पडद्यावर चौकटीत चौकट अशी उभी राहतात. हे डोळ्यांनी पाहणं गरजेचं आहे, कारण कोअरांचे क्रमांक फसवे असतात. काही यंत्रांत सम क्रमांक एका सॉकेटवर आणि विषम दुसऱ्यावर असतात, काहींत एकेका कोअरला दोन धाग्यांसाठी दोन क्रमांक असतात, म्हणजे अर्धे क्रमांक त्याच कोअरांचे दुसरे धागे.

एकदा नकाशा मिळाला आणि कोण कोणाशी किती बोलतो हेही कळलं, तर सर्वोत्तम मांडणी संगणकच काढेल असं वाटेल. गणितज्ञांना हे कोडं 1957 पासून माहीत आहे. कूपमन्स आणि बेकमन यांनी ते कारखान्यांच्या जागा ठरवण्यासाठी मांडलं होतं. 30 वस्तू 30 जागी बसवायच्या एका प्रसिद्ध उदाहरणाचं सर्वोत्तम उत्तर 2000 साली सिद्ध झालं, आणि त्यासाठी शेकडो संगणक आठवडाभर राबले. हजारो प्रोसेससाठी त्यामुळे अचूक उत्तराचा नाद कोणी धरत नाही. जे फार बोलतात त्यांचे गट करायचे, गटांचे मोठे गट करायचे आणि यंत्राच्या झाडावर (नोड, त्यात सॉकेट, त्यात कॅशे, त्यात कोअर) वरून खाली उतरवायचे, एवढ्यावर भागवतात.

ब्लूजीनची एक गोष्ट मी मागे ठेवली होती. तिथे एकमेकांशी बोलणारे 512-512 चे गट होते. प्रत्येक गट 8 × 8 × 8 च्या घट्ट घनात बसवणं कोणालाही सुचेल, आणि तेही करून पाहिलं होतं. वेग आला 38.2, म्हणजे नेहमीच्या क्रमापेक्षाही कमी. 64.7 चा वेग देणाऱ्या मांडणीत गट जाळ्यावर पसरलेले होते. संदेशाला किती टप्पे पडतात यासोबत एका तारेवर एका वेळी किती संदेश घुसतात हेही मोजावं लागतं, आणि गर्दीचा हा हिशेब अंतरापेक्षा पुष्कळ अवघड. तिथल्या लोकांनी मांडण्या करून, चालवून, मोजून पाहिल्या, आणि आजही मोठं काम लावण्याआधी बरेच जण तेच करतात.