७ टक्क्यांची थाप आणि पाव सेकंदाच्या आत येणारं उत्तर

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासात एक स्लाईड हमखास येते: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे खरं असतं तर तमिळ न येणाऱ्याला तमिळ भाषण नुसतं बघून-ऐकून ९३ टक्के कळलं असतं. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, दुसऱ्यात 'मेबी' हा एकच शब्द तीन सुरांत आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो, आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतोय की नाही. बस, एवढंच. शब्द आणि सूर जुळत नसतील तर आवड-नावड आपण कशावरून ठरवतो, यापलीकडे त्यात काही नाही, आणि हे सूत्र सगळ्या संवादाला लावू नका असं स्वतः मेहराबियन यांनीच सांगितलंय. तरी त्यावर फी घेऊन क्लास चालतात याचा खरंच राग येतो. 'चेहरा बघून खोटं पकडा'वाल्यांचंही तेच. बॉन्ड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये असे ढीगभर अभ्यास एकत्र केले तेव्हा लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाला, नाणं उडवलं तरी ५० येतात.

संवादातली खरी थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे बोलण्याची पाळी. कट्ट्यावर चार जण गप्पा मारतायत, कोणी सूत्रसंचालक नाही, तरी बहुतेक वेळ एका वेळी एकच जण बोलतो, हे कसं जमतं? सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तीन समाजशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये याचे नियम मांडले. आपलं बोलणं छोट्या छोट्या तुकड्यांचं असतं आणि प्रत्येक तुकडा संपतो तिथे पाळी बदलू शकते. बोलणाऱ्याने कोणाला उद्देशून विचारलं असेल तर पाळी त्याची, नाहीतर जो आधी सुरू करेल त्याची, आणि कोणीच नाही केलं तर पहिलाच पुढे चालू ठेवतो, आणि पुढच्या तुकड्याच्या शेवटी हे सगळं परत पहिल्यापासून.

आता वेळ बघा. २००९ मध्ये जपानी, डॅनिश, कोरियन, लाओ अशा दहा भाषांतल्या हो-नाही प्रश्नांची उत्तरं किती वेळात येतात ते मोजलं, सरासरी निघाली साधारण ०.२ सेकंद. जपानी सगळ्यात झटपट, डॅनिश सगळ्यात सावकाश, पण दोघांतला फरकही अर्ध्या सेकंदाच्या आतलाच. आणि गंमत अशी की समोर चित्र दाखवून त्या वस्तूचं नुसतं नाव घ्यायला सांगितलं तरी मेंदूला शब्द शोधून, त्याचे आवाज जुळवून, तोंड उघडेपर्यंत ०.६ सेकंद लागतात. मग ०.२ सेकंदात अख्खं उत्तर येतं कुठून? तर समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार व्हायला लागलेलं असतं! "उद्या पुण्याला येतोयस ना?" यात 'येतोयस' कानावर पडेपर्यंत प्रश्न कळलेला असतो, 'ना' संपेपर्यंत "हो, येतो की" ओठांवर तयार. डोक्याला इलेक्ट्रोड लावून केलेल्या २०१५ च्या प्रयोगातही हेच दिसलं: उत्तराला लागणारी माहिती प्रश्नाच्या मध्येच मिळाली तर तयारीच्या खुणा तिथूनच, अर्ध्या सेकंदाच्या आत दिसायला लागतात. म्हणजे ऐकणं, पुढचं ओळखणं आणि स्वतःचं वाक्य रचणं, तिन्ही एकाच वेळी, दिवसभर, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

घड्याळ इतकं बारीक असल्यामुळे उशीरालाही अर्थ येतो. 'हो' पटकन येतं, नकार रेंगाळत येतो, आणि शांतता एक सेकंदाच्या आसपास गेली की विचारणारा अस्वस्थ होतो. फोनवर नेमकी इथेच गडबड होते. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीसोबत फिरत आकाशात एकाच जागी दिसणारा, जवळपास ३६ हजार किलोमीटर वर असतो, त्यामुळे त्यावरून होणाऱ्या कॉलला प्रश्न जायला पाव सेकंद आणि उत्तर यायला पाव सेकंद जास्तीचा लागतो, आणि नेट रडत असलं तर व्हिडिओ कॉलवर याहूनही जास्त. न्यू जर्सीतला मुलगा विचारतो, "आई, दिवाळीत येऊ का?" आई लगेच "अरे ये की" म्हणते, पण त्याला ऐकू येते ती शांतता, त्याच्या मेंदूला ती नकाराची वाटते, म्हणून तो घाईघाईने "नाही म्हणजे, तुम्हाला जमत नसेल तर नंतर बघू" म्हणायला लागतो, तेवढ्यात आईचं "ये की" येऊन त्यावर आदळतं, आणि मग दोघंही एकदम थांबून "बोल, बोल" करत बसतात.