लक्ष कुठे होतं?

विमान सुखरूप धावपट्टीवर टेकलेलं असायचं आणि मग वैमानिक आपल्याच हाताने त्याची चाकं आत ओढून घ्यायचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांबाबत हे वारंवार घडू लागलं. १९४३मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चपानिस यांनी कॉकपिट पाहिलं. चाकांचा खटका आणि पंखांवरच्या फ्लॅपचा (उतरताना उघडायच्या झडपांचा) खटका शेजारी-शेजारी आणि दिसायला जवळपास सारखेच! उतरल्यावर फ्लॅप मिटायला गेलेला हात भलत्याच खटक्यावर पडायचा. चपानिस यांनी एकाला छोटं चाक जोडलं, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा. प्रकार थांबला. वैमानिक मात्र तेच होते.

हाताचं निभावलं, पण लक्षाचं तसं नाही. युद्धकाळात रडारवर पहारा देणाऱ्यांच्या नजरेतून ठिपके निसटत, म्हणून केंब्रिजमध्ये मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी प्रयोग केला. कोऱ्या तबकडीवर दर सेकंदाला एक टप्पा पुढे सरकणारा काटा, जो क्वचित दोन टप्पे उडी घेई. ती उडी टिपायची, दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच निसटणाऱ्या उड्या ठळकपणे वाढल्या. काहीच घडत नसताना पाहत राहणं हे मेंदूला जमत नाही. त्यात आळसाचा प्रश्न नाही.

आणि स्वयंचलित यंत्रं माणसाला नेमकं हेच काम देतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३मध्ये हा पेच मांडला: सोपं काम यंत्राकडे जातं, माणसाकडे उरते देखरेख आणि यंत्राला न झेपलेला कठीण प्रसंग. तोही सराव सुटल्यावर.

रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात १ जून २००९ रोजी असंच झालं. अटलांटिकवर बर्फाच्या कणांनी वेग मोजणाऱ्या नळ्या तुंबल्या, विमान आपोआप चालवणारा ऑटोपायलट बंद झाला आणि त्या उंचीवर हाताने विमान सांभाळण्याचा फारसा सराव नसलेल्या सहवैमानिकाने नाक वर खेचलं. पंखांची उचल गेली, धोक्याचा इशारा वाजू लागला. पुढचा भाग मला सर्वांत भयंकर वाटतो. वेगाचं माप फारच कमी आलं, की संगणक ते अविश्वसनीय ठरवून इशाराच बंद करी. मग नाक खाली आणलं, म्हणजे बरोबर कृती केली, की माप सुधारून इशारा पुन्हा सुरू! योग्य वागल्यावर ओरडणारं आणि चुकीचं वागल्यावर गप्प बसणारं यंत्र चार मिनिटांत कोण ओळखणार? २२८ जण गेले.

२०१३मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने विमान कंपन्यांना सुचवलं, की योग्य वेळी वैमानिकांना हाताने विमान उडवू द्यावं. वैमानिकांना सरावासाठी निदान सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरचं नकली कॉकपिट, तरी आहे. स्वतः सुकाणू धरणाऱ्या मोटारी हीच देखरेख आता सामान्य चालकावर सोपवत आहेत. त्याला तयारीला ना सिम्युलेटर, ना चार मिनिटं. असलेच तर काही सेकंद.