फ्लामेंको गिटारला दाद नेमकी कुठे द्यायची: थोडी पार्श्वभूमी

फ्लामेंको गिटारचा लाइव्ह कार्यक्रम बघताना आपण बहुतेक जण बोटांचा स्पीड बघूनच थक्क होतो, आणि ते साहजिकच आहे. पण दक्षिण स्पेनमधली हेरेस किंवा सेविल्याकडची जुनी माणसं त्याच कार्यक्रमात भलत्याच जागी "ओले" (आपल्या "वाहवा"सारखी दाद) म्हणतात, कधी कधी तर गिटार जवळजवळ गप्प झालेली असते तिथे. हा फरक कुठून आला ते कळायला गिटार स्टेजवर एकटी कधी आणि कशी आली ते बघावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यात सेविल्या, काडिस, हेरेस, माद्रिद इथे काफे कान्तान्ते चालायचे, म्हणजे गाणं-नाच असलेले कॅफे, आणि तिथला गिटारवाला हा साथीदार. गायकाची पट्टी असेल तिथे सेहिया लावायची (आपण ज्याला कॅपो म्हणतो तो, पट्टी बदलायला तारांवर लावायचा चिमटा), गायक श्वास घेतो तेवढ्या फटीत एक छोटा तुकडा वाजवायचा आणि परत मागे सरायचं. त्या तुकड्याला फाल्सेता म्हणतात. आज जे सोलो म्हणून ऐकतो ते मुळात या फटींमधलं संगीत आहे, हे डोक्यात ठेवलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. गिटारसुद्धा तशीच बनवलेली, सायप्रसच्या हलक्या लाकडाची, तारा फळीच्या जवळ, आवाज कोरडा आणि झटकन विझणारा, कारण नाचणाऱ्याच्या टाचांतून आणि टाळ्यांतून तो कापून बाहेर यायला हवा, रेंगाळून चालणार नाही. १९२२ च्या जूनमध्ये ग्रानादाच्या अलाम्ब्रात गाजलेली स्पर्धा झाली तीही "खोल गाण्या"ची, गिटार होतीच पण मध्यभागी गाणं.

मग १९३६. माद्रिदचा एक वादक, रामोन मोन्तोया, वय पन्नाशीच्या पुढे, आयुष्यभर मोठमोठ्या गायकांना साथ केलेली, पॅरिसमध्ये गायकाशिवाय रेकॉर्डिंग करतो, नुसती गिटार. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. त्याने पाश्चात्त्य क्लासिकल गिटारवाल्यांकडून ट्रेमोलो (एकच स्वर भराभर पुन्हा पुन्हा छेडणं) आणि आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक वाजवणं) उचलले होते आणि फ्लामेंकोत मुरवले होते, क्लासिकलवाले ट्रेमोलोत चार स्वर घेतात, फ्लामेंकोत पाच होतात, एवढ्याशा फरकाने तो जास्त दाट आणि अस्वस्थ वाटतो. रोन्देन्या नावाचा प्रकार तर त्याने दोन तारा वेगळ्या लावून जवळपास नव्यानेच उभा केला. त्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं आणि पाम्पलोनाचा एक तरुण वादक, साबिकास, स्पेन सोडून अमेरिकेच्या बाजूला गेला, पुढे न्यूयॉर्कला राहिला आणि सोलो फ्लामेंको गिटार ऐकायला तिकीट काढून हॉलमध्ये बसायचं असतं ही सवय त्याने जगाला लावली. म्हणजे एकट्या गिटारचा श्रोता आधी बराचसा स्पेनच्या बाहेर तयार झाला. या श्रोत्याला गाणं ठाऊक नव्हतं, भाषा कळत नव्हती, त्यामुळे त्याने दाद दिली ती दिसणाऱ्या गोष्टीला, म्हणजे बोटांना.

आता तो शब्द ज्याच्यावरून सगळा घोळ होतो: कोम्पास. आपण तो "ताल" असा करून मोकळे होतो, मीही बरीच वर्षं तसंच करत होतो आणि दाद चुकीच्या जागी देत होतो. सोलेआ किंवा बुलेरिया हे फ्लामेंकोचे प्रकार बारा मात्रांचे, एकतालही बाराचा, म्हणून आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं की बघा, हे आपल्याकडूनच गेलंय. हितानो, म्हणजे स्पेनमधले जिप्सी, त्यांचे पूर्वज भारतातून गेले हे भाषेवरून पक्कं झालंय, १४२५ पासून स्पेनच्या कागदपत्रांत त्यांची नोंदही सापडते, पण फ्लामेंको घडलं दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात, आणि ते फार नंतर. बाराचा आकडा सारखा असला म्हणून नातं लागत नाही. एकतालात दोन-दोनचे सहा भाग आणि सगळा जीव पहिल्या मात्रेवर, सम तिथे, तिहाई तिथे येऊन पडते, आपला हात तिथेच मांडीवर पडतो. सोलेआत वजन ३, ६, ८, १०, १२ वर, म्हणजे आधी तीन-तीन आणि मग दोन-दोन, आणि फाल्सेता येऊन टेकते ती दहावर! ई कॉर्डला घरी आल्यासारखं होतं तो दहावा ठोका, मग अकरा-बारा हा नुसता श्वास, कधी गिटारच्या फळीवर टकटक, कधी काहीच नाही. आपण एकची वाट बघत बसलेलो असतो आणि "ओले" दहावर होऊनही गेलेला असतो.

बरं, हेही सगळ्यांना मान्य नाही. बुलेरियात कुणी बारापासून मोजायला लागतं कुणी एकपासून, हेरेसमध्ये बऱ्याचदा सहाच्या हिशोबानेच टाळ्या चालतात, आणि सेगिरिया घेतली तर तेच बारा ठोके पण सुरुवात आठपासून, म्हणून ऐकू येतात पाच असमान पावलं, दोन दोन तीन तीन दोन. क्लासमध्ये तर घड्याळाची तबकडीच काढून दाखवतात. नोटेशनवाल्यांनी जुन्या काळी हे सगळं तीन-तीनच्या चौकटीत लिहून ठेवलं आणि त्यात आठ-दहाचा झोका पूर्ण हरवला. त्यात स्पॅनिशमध्ये कोम्पास म्हणजे नोटेशनमधला एक खण सुद्धा, आणि "त्याच्याकडे कोम्पास आहे" म्हटलं की तो माणसाचा गुण होतो, आपण लय अंगात आहे म्हणतो तसं. मला विचाराल तर आकडे ही क्लासरूमची सोय आहे, घरातल्या टाळ्यांत वाढलेलं पोर मोजत नाही, पण बाहेरच्या माणसाने मोजल्याशिवाय त्याला दार उघडत नाही हेही तितकंच खरं, त्यामुळे मोजणाऱ्यांना कमी लेखणारे लोक मला पटत नाहीत.

अल्हेसिरासच्या वादकाबद्दल, पाको दे लुसियाबद्दल, तर सगळ्यांना माहितीच आहे. १९७३ ची ती रुंबा, "एंत्रे दोस आग्वास", बॉंगो आणि बास गिटार घेऊन केलेली, रुंबा चार मात्रांची, जगात कुणालाही लगेच पाय हलवता येईल अशी, ती तुफान चालली. १९७५ ला तो माद्रिदच्या तेआत्रो रेआलमध्ये वाजवतो, जिथे तोवर क्लासिकलवाल्यांचं राज्य. मग डिसेंबर १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तीन गिटारांचा तो लाइव्ह कार्यक्रम. त्या तिघांतला इंग्लिश गिटारिस्ट, जॉन मॅक्लॉफ्लिन, आधी आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेनबरोबर ग्रुप करून बसलेला, आणि आपल्याकडचे बरेच लोक फ्लामेंकोपर्यंत पोचले ते याच वाटेने, मीही. पण ते रेकॉर्डिंग नीट ऐका, पब्लिक ओरडतंय कुठे? वेगाने तान सुटली की, दर वेळी. जगभरचा श्रोता तिथे जी सवय शिकला ती अजून सुटलेली नाही. आणि हा वादक स्वतः कोम्पासमध्ये किती घट्ट होता, त्या तुफान पिकादोच्या (एकेक स्वर बोटांनी वेगात वाजवण्याच्या) शेवटी तो ठोक्यावर किती बिनचूक उतरतो, याला दाद फार कमी मिळाली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरच्या मैदानावर मात्र गिटारचा नंबर उशिराच लागला. सेविल्याचा दर दोन वर्षांनी होणारा महोत्सव १९८० ला सुरू झाला, पहिली खेप गाण्याला, १९८२ नाचाला, आणि गिटारला १९८४.

दरम्यान सत्तरच्या दशकाच्या शेवटी पेरूमधून काहोन आला, तो बसून वाजवायचा लाकडी खोका, आणि आता तो नसेल तर कार्यक्रम अपुरा वाटतो. त्याने एक मोठा बदल केला. आधी कोम्पास धरून ठेवायची जबाबदारी गिटार आणि टाळ्यांची, आता खोका तो धरतो आणि गिटार ठोक्यांच्या मधून मधून मोकळी फिरते, मुख्य ठोका वाजवतच नाही, नुसता सुचवते. जुन्यांना हे आवडलं नाही. मला आवडतं, पण ऐकणाऱ्याचं काम वाढलं हे कबूल करायला हवं. सोलोसाठी रोझवुडच्या गिटारही आल्या, आवाज जास्त वेळ टिकणाऱ्या, माइक आले, त्यामुळे हॉलच्या शेवटच्या रांगेतही ट्रेमोलो पोचायला लागला. २०१० मध्ये फ्लामेंकोला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, त्यानंतर टुरिस्ट ताब्लाओंची, म्हणजे फ्लामेंकोचे शो चालणाऱ्या जागांची, गर्दी आणखी वाढली.

आज सोलो कार्यक्रमाची घडण बऱ्याचदा अशी असते: सुरुवातीला तारान्ता, ग्रानाइना किंवा रोन्देन्या, म्हणजे ठोक्यात न बांधलेलं, एकटी गिटार, इथे हॉल शांत हवा, टाळ्यांचा प्रश्नच नाही. मग एकेक माणूस येतो, टाळ्यावाले, काहोन, बास, कधी गायक. प्रेक्षकांनी खुर्चीतून ठेका धरून टाळ्या वाजवणं हे मात्र खरंच त्रासाचं, कारण स्टेजवरचे टाळ्यावाले तळव्याची पोकळी करून दबक्या टाळ्या आणि बोटांनी कडक टाळ्या असं विणकाम करत असतात आणि आपली एकसुरी टाळी त्याच्या आरपार जाते. तोंडाने "ओले" चालतो, वेळेवर आला तर वादकाला बळ देतो. शेवटी बहुतेक वेळा बुलेरिया होते, गायक किंवा टाळ्यावाल्यांपैकीच कुणीतरी पुढे येऊन चार पावलं नाचतो, आणि तासभर एकट्याने हॉल धरून ठेवलेला वादक मान वळवून त्याच्या पायांकडे बघत साथीला लागतो. तो कुठे थांबणार हे पायांवरून ओळखून गिटार दहावर बंद करतो. जुनी माणसं "ओले" म्हणतात ते तिथे.