निवृत्तीनंतर व्हॅन ठेवायची की द्यायची?

(आमच्या सातारच्या गॅरेजतर्फे, जुन्या ग्राहकांसाठी)

गेल्या काही वर्षांत आमचे बरेच जुने ग्राहक निवृत्त झाले. कुणी शिक्षक होते, कुणी एसटीत, कुणी जिल्हा परिषदेत. सर्व्हिसिंगला गाडी लावली की चहा येईपर्यंत एक प्रश्न हमखास निघतो, "आता ही ओम्नी ठेवू का काढू?" उभ्याउभ्या उत्तर देणं आम्हाला पटत नाही, म्हणून हे पत्रक. गाडी विकली तर आमचं काम कमी होईल, पण तुमची पेन्शन आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते.

सगळ्यात आधी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा. प्रत्येक फेरीची तारीख, कुठे गेलात, किती माणसं होती आणि किती किलोमीटर झाले, एवढंच लिहा. व्हॅन म्हटलं की आपल्याला नऊ माणसं कोंबून केलेली पंढरपूरची वारी आठवते. वहीत मात्र राजवाड्यापर्यंतची भाजी आणि पोवई नाक्यावरची बँक निघते.

आमच्या एका निवृत्त सरांनी वर्षभर अशी वही ठेवली. गाडी १,८०० किलोमीटर चालली होती. विमा, सर्व्हिसिंग, पीयूसी आणि बॅटरी-टायरचा वर्षाचा वाटा मिळून खर्च १८,००० रुपये, म्हणजे पेट्रोल टाकायच्या आधीच किलोमीटरला दहा रुपये. शहरातल्या चालीला त्यांची गाडी लिटरला तेराच्या आसपास देते, ते धरून अठरा. पुढे ते म्हणाले, "यातल्या पुण्याच्या दोन आणि औंधच्या यमाईची एक फेरी सोडली, तर बाकी सगळं रिक्षात झालं असतं." सरांनी गाडी दिली. आता लागेल तेव्हा ते भाड्याची गाडी बोलावतात. तुम्ही भाड्याचा दर विचाराल तेव्हा किमान किलोमीटर, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता धरूनच विचारा, नाहीतर तुलना चुकते.

सगळ्यांना हेच लागू नाही. गोडोलीच्या एका काकांच्या घरी आठवड्यातून दोनदा काकूंना डायलिसिसला न्यावं लागतं. रिक्षात चढताना काकूंचे गुडघे दुखतात, ओम्नीच्या सरकत्या दारातून मधल्या सीटवर त्या आधाराशिवाय बसतात. त्यांना आम्ही एका शब्दात सांगितलं, ठेवा. तिथे किलोमीटरचा हिशोब करायचा नसतो.

एसटीचाही विचार करा. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट, आणि महिलांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं. म्हणजे ५८ ला निवृत्त झालेल्या पुरुषाला पुढची सात वर्षं पूर्ण तिकीट पडतं. हातपाय धड असतात, नातवंडं लहान असतात, फिरणंही याच वर्षांत जास्त होतं. ठेवायचीच असेल तर गाडी या काळात खरी उपयोगी पडते.

उभी गाडी जास्त बिघडते

हे आम्ही कळकळीने सांगतो. गेल्या पावसाळ्यानंतर एक ओम्नी टो करून आमच्याकडे आली. ताडपत्रीखाली चार महिने हँडब्रेक लावून उभी होती. मागचं चाक हलेना, कारण ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटले होते. हातोडीने ठोकून ड्रम सोडवला. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदरानं कापसाचं घरटं केलेलं, आणि शेजारची वायरिंग कुरतडलेली. बॅटरी मेली होती. वर्षभराच्या सर्व्हिसिंगपेक्षा जास्त बिल झालं, तेही गाडी एक मीटर न चालता.

ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा किमान अर्धा तास चालवाच, महामार्गावर वाढे फाट्यापर्यंत जाऊन आलात तरी चालेल. जागेवर नुसतं इंजिन सुरू करून बंद केल्यानं बॅटरी भरत नाही. जास्त दिवस उभी ठेवताना हँडब्रेक सोडा, गिअर टाका आणि चाकाला दगड लावा. टायरच्या बाजूवर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली दिसली तरी जुना टायर कडक होऊन चिरतो.

कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. चारचाकीला त्याची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. शिवाय पर्यावरण कर आणि पासिंगला लागणारं काम. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, त्यामुळे बऱ्याच गाड्या या टप्प्यावर आल्यात. गाडी द्यायची असेल तर नोंदणी संपायच्या आधी द्या, किंमत बरी येते.

वयाच्या पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच मिळतं, सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. मोतीबिंदू असेल तर रात्री खंबाटकी किंवा यवतेश्वरचा घाट टाळा.

पांढऱ्या नंबरप्लेटवर शाळेची मुलं किंवा भाडं नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

विकताना गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून चावी देऊ नका. गाडी तुमच्या नावावर राहिली आणि नव्या माणसाकडून अपघात झाला, तर भरपाई तुमच्याकडे मागतात. नोंदीतला मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विक्रीची माहिती १४ दिवसांत आरटीओला कळवा, आणि नाव बदललेलं ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करा. विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. त्याचं पत्र मागून घ्या, तीन वर्षांत दुसरी गाडी घेतली तर ते चालतं.

ठरत नसेल तर गाडी घेऊन या. खालून पत्रा, ब्रेक आणि इंजिन बघून पुढच्या दोन वर्षांत काय काम निघेल ते लिहून देतो, त्याचे पैसे घेत नाही. येताना आरसी, विम्याचा कागद आणि ती वही आणा.