नकार आला की 'सो', हा नियम आला कुठून?

'इतका-तितका' अशी तुलना करताना होकारार्थी वाक्यात 'ॲज… ॲज' आणि नकारार्थी वाक्यात 'सो… ॲज', हा नियम इंग्रजी शिकताना अनेकांनी पाठ केलेला असतो. 'ही इज नॉट ॲज टॉल ॲज हिज ब्रदर' लिहिलं की त्याखाली लाल रेघ ठरलेली. पण 'ॲज' या शब्दाचं मूळ पाहिलं तर ही रेघ अन्यायाची वाटते.

जुन्या इंग्रजीत बरोबरी सांगायला 'स्वा' हा एकच शब्द दोन्हीकडे यायचा. 'स्वा ह्वीट स्वा स्नाव', म्हणजे बर्फाइतकं पांढरं. हा 'स्वा' म्हणजेच आजचा 'सो'. जोर देण्यासाठी त्याच्याआधी 'सर्व' या अर्थाचा शब्द लागून 'एआल्स्वा' झालं. तोंडी वापरात ते झिजत झिजत 'ऑल्स' आणि मग 'ॲज' झालं. न झिजलेलं रूप 'ऑल्सो' म्हणून वेगळ्या अर्थाने टिकलं. १६११ च्या बायबलच्या भाषांतरात तीच उपमा 'ॲज व्हाइट ॲज स्नो' अशी येते.

म्हणजे 'सो' आणि 'ॲज' एकाच घरचे. नकारात 'सो' वापरण्याची सवय जुन्या लेखनात होती, हे खरं. पण सवय असणं वेगळं आणि दुसरं रूप चूक ठरवणं वेगळं. नियमाच्या बाजूने फार तर असं म्हणता येईल की 'ॲज' बरोबरी सांगतो आणि नकारात बरोबरीच नसते. मला हे अजिबात पटत नाही. 'नॉट ॲज टॉल' ऐकून 'उंची वेगळी आहे, जास्तही असेल' असं कोणी समजत नाही, कमीच समजतो. 'नॉट सो टॉल ॲज'मधूनही नेमकं तेच कळतं. विसाव्या शतकातल्या भाषावापराच्या मार्गदर्शकांनी दोन्ही रूपं मान्य केली आणि आज 'नॉट ॲज'च जास्त कानावर पडतं.

या रचनेला 'पॉझिटिव्ह डिग्री', म्हणजे विशेषणाची मूळ श्रेणी, म्हणण्याचा गोंधळ लॅटिन व्याकरणातून आला. तिथे विशेषणाच्या श्रेणी तीनच. बरोबरीसाठी विशेषणाचं रूप बदलत नाही, म्हणून ती मूळ रूपाच्या खात्यात गेली. वेल्श भाषेत मात्र बरोबरीची वेगळी, चौथी श्रेणी आहे.

'ॲज'नंतर 'आय' (I) की इंग्रजी 'मी' (me), असाही एक वाद आहे. १७६२ च्या एका गाजलेल्या व्याकरणाने ठरवलं की पुढचं सर्वनाम 'ॲज'वर नाही, अध्याहृत, म्हणजे न उच्चारलेल्या, क्रियापदावर अवलंबून असतं. त्या हिशेबाने 'शी लव्हज हिम ॲज मच ॲज आय' म्हणजे माझंही त्याच्यावर तितकंच प्रेम आहे आणि शेवटी 'मी' आलं तर तिचं माझ्यावर. बोलताना मात्र 'मी' दोन्ही अर्थांनी सर्रास येतं. जिथे घोटाळा होईल असं वाटतं, तिथे लोक 'ॲज आय डू' म्हणून मोकळे होतात.